दोन सूत्रकृमी, एक प्लेट, मोजकं अन्न: स्पर्धेचा प्रयोग न फसता कसा करावा

"मिश्र प्लेटवर चौथ्या दिवशी एलेगन्स जास्त दिसले, म्हणजे एलेगन्स जिंकला." (एलेगन्स हा एक सूत्रकृमी; मिश्र प्लेट म्हणजे दोन प्रजातींचे कृमी एकत्र सोडलेली आगरची बशी.) एमएस्सीच्या प्रोजेक्टवह्यांत हे वाक्य दर वर्षी येतं आणि दर वर्षी मी त्याखाली लाल पेनाने तेच तीन प्रश्न लिहितो. एकटा ठेवला असता तर तो किती वाढला असता? प्लेटवर अन्न किती होतं, की नुसतं "टाकलं होतं"? आणि अन्न संपल्यावर कोण उरलं?

या तीन प्रश्नांची उत्तरं देता येतील असा प्रयोग कॉलेजच्या प्रयोगशाळेत करता येतो. खर्च फार नाही, शिस्त मात्र लागते. खाली दिलेली रीत सिनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स आणि सिनोऱ्हॅब्डायटिस ब्रिग्से या जोडीसाठी आहे. दोघे सुमारे एक मिलिमीटर लांब, दोघे जिवाणू खाणारे, दोघांतही बहुतेक प्राणी उभयलिंगी, आणि दोघांचं जीवनचक्र २० अंशांवर साडेतीन-चार दिवसांत पुरं होतं. इतकं साम्य असलेले प्रतिस्पर्धी शोधून सापडत नाहीत. एलेगन्सची एन२ ही जात ब्रिस्टलची. ब्रिग्सेची एएफ१६ ही जात आपल्या शेजारची, अहमदाबादच्या मातीतून मिळालेली. दोन्ही मिनेसोटा विद्यापीठातल्या सिनोऱ्हॅब्डायटिस जेनेटिक्स सेंटरकडे आहेत, पण आधी देशातल्या एखाद्या सूत्रकृमी प्रयोगशाळेला विचारा. बाहेरून मागवायचं तर परवानगीची कागदपत्रं लागतात आणि त्यात सत्र निघून जातं.

प्रिस्टिऑन्कस पॅसिफिकसला जोडीदार करायचा मोह टाळा. त्याच्या तोंडात दात असतात आणि तो एलेगन्सची पिल्लं मारून खातो. तो प्रयोगही रंगतदार होतो, पण ती शिकार आहे. स्पर्धा म्हणून ते आकडे मांडले तर सगळं विश्लेषण चुकतं.

१. आधी कागदावर: किती प्रकारच्या प्लेट लागतील

घोडं पेंड खातं ते इथेच. बहुतेक जण एकच मिश्र प्लेट आणि दोन एकट्या प्लेट करतात. मिश्र प्लेटवर ५ एलेगन्स आणि ५ ब्रिग्से, एकट्या प्लेटवर प्रत्येकी १०. मग मिश्र प्लेटवर एलेगन्स कमी वाढले, तर ते ब्रिग्सेमुळे की मुळात निम्मेच सोडल्यामुळे? सांगता येत नाही. एकट्या प्लेटवर ५ सोडले तर उलटी पंचाईत होते: मिश्र प्लेटवर गर्दीच दुप्पट असते.

म्हणून प्रत्येक अन्नपातळीला पाच प्रकार लागतात:

- ५ एलेगन्स, एकटे
- १० एलेगन्स, एकटे
- ५ ब्रिग्से, एकटे
- १० ब्रिग्से, एकटे
- ५ एलेगन्स अधिक ५ ब्रिग्से

अन्नाच्या तीन पातळ्या धरल्या तर १५ प्रकार होतात. प्रत्येकी सहा प्लेट म्हणजे ९०. मोजणीसाठी प्लेट धुवावी लागते, म्हणजे ती संपते. चौथ्या, आठव्या आणि बाराव्या दिवशी मोजायचं असेल तर २७० प्लेट. एकट्या माणसाला हे झेपत नाही.

कापायचं असेल तर मधली अन्नपातळी आणि आठवा दिवस कापा. पाच प्रकारांपैकी एकही कापू नका. मुलं नेमकं उलट करतात, कारण "कंट्रोल" कापले तरी तक्ता भरलेला दिसतो.

तपासणी: प्रत्येक प्रकारासमोर "या प्लेटमुळे मला काय कळेल" हे एका ओळीत लिहा. ओळ सुचली नाही तर प्लेट नको.

२. कृमींची तयारी: प्रयोगाच्या दोन आठवडे आधी

फ्रिजमधून किंवा उपाशी प्लेटवरून उचललेले कृमी थेट प्रयोगात घेऊ नका. आईबापांच्या उपासमारीचा परिणाम पुढच्या पिढीच्या वाढीवर होतो. दोन्ही प्रजाती २० अंशांवर, भरपूर जिवाणूंवर, निदान तीन पिढ्या एकदाही उपाशी न ठेवता वाढवा. एक प्रजाती ताज्या प्लेटवर आणि दुसरी आठवडाभर जुन्या प्लेटवर असेल, तर शर्यत सुरू होण्याआधीच लागलेली असते.

त्यानंतर ब्लीचने अंडी काढा. अंडी पोटात असलेले प्रौढ पाण्याने धुऊन ३.५ मिलि घ्या. १ मिलि ब्लीच आणि ०.५ मिलि ५ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड ताजं मिसळून त्यात घाला आणि अधूनमधून हलवत राहा. कृमी फुटायला लागले की थांबा. पाच मिनिटांपलीकडे गेलात तर अंडीही मरू लागतात. सेंट्रिफ्यूज करून वरचं ओता आणि एम९ या क्षारांच्या बफर द्रावाने तीनदा धुवा.

किराणा दुकानातली ब्लीचची बाटली उघडून सहा महिने झाले असतील तर तिच्यावर भरवसा नको. बुरशी मरत नाही आणि वेळ वाढवत नेली की अंडी जातात.

एम९ मध्ये रात्रभर मंद हलवत ठेवली की अंड्यातून बाहेर आलेली एल१, म्हणजे पहिल्या अवस्थेतली, पिल्लं अन्नाअभावी तिथेच थांबतात. सकाळी सगळी एका वयाची मिळतात. ती जिवाणूंच्या प्लेटवर सोडा आणि एल४, म्हणजे प्रौढ होण्याआधीच्या शेवटच्या अवस्थेला पोचली की प्रयोगासाठी उचला. एल४ ओळखायची खूण म्हणजे पोटाच्या मध्यावर, जिथे योनिमुख तयार होत असतं, तिथे दिसणारी फिकट अर्धचंद्रकोर. ती दिसली तरच पिकने, म्हणजे मुठीला बसवलेल्या बारीक तारेने, उचलायचं. मिटून नुसती रेघ उरली असेल तर प्राणी प्रौढ झाला किंवा होण्याच्या बेतात आहे. एका प्लेटवर एल४ आणि दुसरीवर प्रौढ गेले तर अंड्यांत अर्ध्या दिवसाचा फरक पडतो. चार दिवसांच्या प्रयोगात अर्धा दिवस म्हणजे पुष्कळ.

सावधान: नर येऊ देऊ नका. एलेगन्समध्ये तो हजारात एखादा असतो, पण एकाने प्लेट बिघडते. या दोन प्रजातींचं मीलन होतं, पण संकराची पिल्लं जगत नाहीत, म्हणजे उभयलिंगीची अंडी फुकट जातात. तुम्ही ते नुकसान अन्नाच्या खात्यावर टाकाल. नराची शेपटी पंख्यासारखी पसरट असते, उभयलिंगीची सुईसारखी निमुळती.

३. ओळख: कोण कोणता हे कसं सांगणार

दुर्बिणीखाली हे दोघे जुळे भाऊ आहेत. "ब्रिग्से जरा बारीक वाटतो" असं म्हणत मोजलेले आकडे मी स्वीकारत नाही, कारण उपाशी एलेगन्सही बारीकच दिसतो.

चांगला उपाय म्हणजे एका प्रजातीत चमकणारं प्रथिन असलेली जात वापरणं. घशात, म्हणजे फॅरिंक्समध्ये, हिरवं चमकणारी घ्या. ती एल१ पिल्लातही निळ्या प्रकाशात ओळखू येते. पांढऱ्या प्रकाशात एकूण मोजा, निळ्या प्रकाशात चमकणारे मोजा, वजाबाकी म्हणजे दुसरे.

इथे तीन ठेचा लागतात. पहिली: जनुक गुणसूत्रात पक्कं बसलेलं हवं. सुटं असलं तर काही पिल्लं ते गमावतात आणि न चमकणारा एलेगन्स तुमच्या वहीत ब्रिग्से होतो. दुसरी: चमकणाऱ्या जातीची वाढ कधीकधी मंदावते, म्हणून चमकणारा एलेगन्स आणि साधा एलेगन्स यांचीच स्पर्धा आधी एकदा लावून बघा. दोन पिढ्यांनंतरही प्रमाण निम्मं-निम्मं राहिलं तर पुढे जा. तिसरी: प्लेटवर नुसते जिवाणू असतानाही थोडी चमक दिसते, म्हणून कृमी नसलेली, नुसत्या जिवाणूंची एक प्लेट शेजारी ठेवून नजर बसवून घ्या.

निळ्या प्रकाशाची दुर्बीण नसेल तर पीसीआर, म्हणजे डीएनएचा ठरावीक तुकडा वाढवून ओळखायची रीत. मिश्र प्लेटवरून ४८ कृमी एकेक करून नळ्यांत उचला, प्रोटिनेज के घातलेल्या द्रावात ६५ अंशांवर तासभर विरघळवा, मग ९५ अंशांवर १५ मिनिटं ठेवून एन्झाइम मारा. दोन प्रजातींत वेगळ्या लांबीचा पट्टा देणारे प्रायमर घ्या आणि जेल चालवा. उचलताना मोठे मोठे उचलायची हाताला खोड असते, तिच्यामुळे प्रमाण वाकडं होतं. प्लेटच्या तळाला पेनाने चौकडी काढा आणि चिठ्ठ्या टाकून निघालेल्या चौकोनातले सगळे उचला.

४. अन्न: इथेच सगळे चुकतात

सर्वांत जास्त वेळ या टप्प्याला द्या.

सूत्रकृमी वाढवायच्या नेहमीच्या आगर प्लेटमध्ये, म्हणजे एनजीएममध्ये, लिटरला २.५ ग्रॅम पेप्टोन (जिवाणूंचं अन्न) असतो. त्यावर कृमींचं नेहमीचं अन्न असलेल्या ई. कोलाय ओपी५० या जिवाणूचा थेंब टाकला की जिवाणू वाढतात. तुम्ही "कमी अन्न" म्हणून दहापट पातळ थेंब टाकता, दुसऱ्या दिवशी तो वाढून "जास्त अन्न" प्लेटच्या जवळपास पोचतो आणि तुमच्या तीन अन्नपातळ्या कागदावरच उरतात. बरं, ओपी५० ला युरॅसिल स्वतः बनवता येत नाही, त्यामुळे त्याची साय पातळच राहते. डोळ्यांना फरक दिसत नाही आणि कोणाला शंकाही येत नाही.

म्हणून जिवाणू वाढणार नाहीत अशी प्लेट लागते.

प्लेटची कृती, १ लिटरसाठी: मीठ ३ ग्रॅम, आगर १७ ग्रॅम, पाणी ९७५ मिलि. पेप्टोन नाही. ऑटोक्लेव्ह केल्यावर ५५ अंशांच्या आसपास निवू द्या. मग कोलेस्टेरॉल (मद्यार्कात, मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम) १ मिलि, १ मोलर मॅग्नेशियम सल्फेट १ मिलि, १ मोलर कॅल्शियम क्लोराइड १ मिलि आणि ६.० पीएचचा १ मोलर पोटॅशियम फॉस्फेट २५ मिलि घाला. शेवटी स्ट्रेप्टोमायसिन, अंतिम प्रमाण मिलिलिटरला २०० मायक्रोग्रॅम. ६ सेंटिमीटरच्या प्रत्येक प्लेटमध्ये मोजून १० मिलि ओता. कोलेस्टेरॉल विसरू नका, सूत्रकृमींना ते स्वतः बनवता येत नाही.

सावधान: ओपी५० स्ट्रेप्टोमायसिनला बळी पडतो. ओपी५०-१ आणि एचबी१०१ या ई. कोलायच्याच दुसऱ्या जाती मात्र त्याला दाद देत नाहीत आणि वाढत राहतात. नळीवरचं लेबल दोनदा वाचा. त्या "-१" ने एक आख्खा मे महिना बुडालेला मी पाहिला आहे.

जिवाणू एलबी या पोषक द्रावात ३७ अंशांवर रात्रभर वाढवा. सेंट्रिफ्यूज करा, एम९ ने दोनदा धुवा आणि थोड्या एम९ मध्ये घट्ट कालवा. मग ओडी (द्रावाची गढूळता, म्हणजे जिवाणूंची दाटी) बघून तीन पातळ्या करा: ५०, १० आणि २. प्रत्येक प्लेटला २०० मायक्रोलिटर. मोजणीच्या एका दिवसाच्या ३० प्लेटना ५० ओडीचं ६ मिलि लागेल, खालच्या दोन पातळ्यांसाठी आणखी दीडेक मिलि. रात्रभरच्या वाढीची ओडी ३ धरली तरी सव्वाशे मिलि कल्चर लागतं. २०० मिलि करा, धुताना बरंच वाया जातं.

घट्ट द्रावाची ओडी थेट मोजू नका. १ च्या वर यंत्राचा आकडा सरळ रेषेत वाढत नाही, तो कमी दाखवतो. शंभरपट पातळ करून मोजा आणि गुणा.

पूर्ण प्रयोगाला एकाच घाण्याचे जिवाणू वापरा, ४ अंशांवर ठेवा. जुने आणि ताजे जिवाणू सारखे पोसत नाहीत. स्ट्रेप्टोमायसिनवरचे जिवाणू वाढत्या जिवाणूंपेक्षा कमी पौष्टिक असतात, म्हणून ५० ओडीच्या एकट्या प्लेटवर दोन्ही प्रजाती नीट प्रौढ होऊन अंडी घालतात का, हे आधी बघून घ्या.

तपासणी: कृमी न सोडलेल्या तीन प्लेट चार दिवस ठेवा. जिवाणू धुऊन ओडी मोजा. टाकल्यापेक्षा वाढली असेल तर प्रयोग थांबवा. ही तपासणी टाळणाऱ्याला पुढे सगळंच परत करावं लागतं.

५. अन्न किती याबरोबरच अन्न कधी

निसर्गात हे कृमी सडक्या फळांवर आणि कुजक्या देठांवर राहतात. तिथे अन्न येतं ते एकदम आणि संपतंही एकदम. नुसत्या तीन पातळ्यांनी हे कळत नाही, त्यामुळे वेळ आणि हात असतील तर दुसरी मांडणी करा: एकूण अन्न तेवढंच, वाटणी वेगळी.

- एकरकमी: पहिल्या दिवशी, म्हणजे शून्याव्या दिवशी, २०० मायक्रोलिटर जिवाणू. तिसऱ्या, सहाव्या, नवव्या दिवशी ५० मायक्रोलिटर नुसतं एम९.
- हप्त्याने: शून्याव्या दिवशी ५० जिवाणू अधिक १५० एम९. तिसऱ्या, सहाव्या, नवव्या दिवशी ५० मायक्रोलिटर जिवाणू.

एम९ चे थेंब कशाला, असं प्रत्येक बॅच विचारते. ओल्या प्लेटवर कृमी पोहतात, विखुरतात आणि काठावर चढून वाळून मरतात. एका गटाला ओल आणि दुसऱ्याला कोरडं दिलं तर अन्नाबरोबर पाणीही बदलतं. थेंब मध्यावर टाका, लॅमिनारमध्ये (निर्जंतुक हवेच्या कपाटात) झाकण किंचित उघडं ठेवून दहा-पंधरा मिनिटं सुकू द्या, प्लेट कलती करू नका.

६. कृमी सोडणे

थेंब सुकल्यावर लगेच. क्रम सोडत काढून ठरवा. सकाळी सगळे एलेगन्स आणि जेवून आल्यावर सगळे ब्रिग्से असं केलंत तर ब्रिग्सेला चार तास उशीर झालाच, शिवाय दुपारी हात थकलेला असतो. पिकला जिवाणूंची जुनी साय चिकटून जाते, तीही अन्नच. म्हणून उचललेला कृमी आधी जिवाणू नसलेल्या प्लेटवर अर्धा तास फिरू द्या, मग मुख्य प्लेटवर सोडा.

प्लेटच्या तळाला फक्त अंक लिहा. कोणत्या अंकाला काय, हे दुसऱ्याच्या वहीत. मोजणाऱ्याला माहीत नसलेलं बरं.

तपासणी: दोन तासांनी प्रत्येक प्लेट बघा. १० सोडले तर १० दिसले पाहिजेत. पिकच्या टोकाने जखम होऊन मेलेला आत्ताच बदला, दुसऱ्या दिवशी बदलू नका.

७. तापमान: अन्नाच्या नावावर खपणारा चोर

एलेगन्सची एन२ जात २५ अंशांच्या वर अंडी घालण्यात झपाट्याने मागे पडते. उष्ण प्रदेशातली एएफ१६ त्याहून जास्त गरमी सोसते. पॅरिसजवळच्या ओर्से इथल्या फळबागेत पडलेली सफरचंदं तपासली तेव्हा उन्हाळ्यात ब्रिग्से आणि शरदाच्या अखेरीस एलेगन्स जास्त सापडला. ते निरीक्षण २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. तेव्हा बीओडी (प्लेट ठरावीक तापमानाला ठेवायचं इन्क्युबेटर कपाट) चार अंशांनी सरकला, तर निकाल अन्नामुळे फिरला की उष्म्यामुळे, हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

माझ्या एका प्रयोगात बीओडीच्या दारावर २० दिसत होतं. संशय आला म्हणून प्लेटच्या कप्प्यात साधा पाऱ्याचा थर्मामीटर ठेवला. वरच्या कप्प्यात २४ आणि खालच्यात २०. सगळ्या मिश्र प्लेट वरच्या कप्प्यात होत्या, कारण त्या शेवटी भरल्या होत्या. दोन महिन्यांचं काम कचऱ्यात गेलं. तेव्हापासून प्रत्येक कप्प्यात एक थर्मामीटर ठेवतो, प्लेट सगळ्या कप्प्यांत मिसळून रचतो आणि रोज सकाळी कप्पे फिरवतो.

सावधान: रात्री वीज गेली आणि बीओडी इन्व्हर्टरवर नसेल, तर किती तास गेली ते वॉचमनला विचारून वहीत लिहा. लिहायला लाज वाटते, पण पुढे तोच एक आकडा कामी येतो.

८. मोजणी

प्लेट ४ अंशांवर वीस मिनिटं ठेवली की कृमी सुस्तावतात. मग ०.०१ टक्का ट्रायटॉन (साबणासारखं द्रव्य) घातलेल्या एम९ ने, प्रत्येक वेळी १ मिलि घेऊन, तीनदा धुवा आणि १५ मिलिच्या नळीत गोळा करा. ट्रायटॉन नसेल तर कृमी टिपच्या प्लास्टिकला चिकटतात आणि प्रत्येक टिपमागे काही हरवतात. एकूण ५ मिलि करा.

कृमी बुडतात, आणि मोठे आधी बुडतात. नळी नुसती उभी धरून वरून थेंब घेतलात तर सगळी पिल्लंच येतील आणि तळातून घेतलात तर सगळे प्रौढ. प्रत्येक थेंबाआधी नळी दोनदा उलटी-सुलटी करा, मधल्या उंचीवरून २० मायक्रोलिटर घ्या, असे पाच थेंब. आलेला आकडा ५० ने गुणला की प्लेटचा अंदाज मिळतो. पाच थेंबांत मिळून शंभरही कृमी नसतील तर अंदाज सोडा, आख्खी नळी मोजा.

धुतलेली प्लेट फेकू नका. तिच्यावर परत नजर टाका. अंडी आगरला चिकटून राहतात आणि काही कृमी आगरच्या आत शिरलेले असतात. कमी अन्नाच्या प्लेटवर ते जास्त शिरतात, म्हणजे चूक सगळीकडे सारखी होत नाही. जिथे तुमचा निकाल असतो नेमकी तिथेच ती मोठी असते. आतले कृमी वेगळे मोजून लिहा.

अवस्थांचे रकाने वेगळे हवेत: एल१, मधली पिल्लं, एल४, प्रौढ, आणि डाउअर. डाउअर म्हणजे गर्दी आणि उपासमार झाली की काही पिल्लं घेतात तो टिकाऊ अवतार: बारीक, गडद, तोंड बंद, खाणं नाही. अन्न नसताना तो महिनोन्‌महिने जगतो. प्रत्यक्ष बघायला मजा येते. इतर कृमी मंदावलेले असतात आणि डाउअर काठीसारखे सरळ, निश्चल पडलेले. प्लेटवर बोटाने टिचकी मारली की झपकन सळसळत निघून जातात.

नुसत्या नजरेवर विसंबू नका. नळीतला १ मिलि वेगळा काढा, एसडीएस या डिटर्जंटचं अंतिम प्रमाण १ टक्का होईल इतकं घाला, अर्धा तास ठेवा, एम९ ने धुवा आणि प्लेटवर पसरा. बाकी सगळे मरतात, हालचाल करणारे ते डाउअर. आधी दोन्ही प्रजातींच्या एकट्या उपाशी प्लेटवर हे करून बघा.

९. दुसऱ्यांदा अन्न आल्यावर

हा टप्पा जवळजवळ कोणीच करत नाही आणि माझ्या मते खरा निकाल इथे आहे. बाराव्या दिवशीची कृमीसंख्या मोठी असेल, पण ती सगळी अर्धमेली एल१ पिल्लं असतील, तर त्या आकड्याचा उपयोग काय? उपासमार संपून अन्न परत आलं की कोण आधी उठतं आणि कोण आधी अंडी घालतं, ते बघायचं आहे.

बाराव्या दिवशीच्या नळीतून, हलवून, १०० मायक्रोलिटर घ्या आणि ५० ओडीचे जिवाणू असलेल्या ताज्या प्लेटवर टाका. ४८ तासांनी आणि ९६ तासांनी दोन्ही प्रजातींचे एल४ आणि प्रौढ मोजा. ज्याची संख्या बाराव्या दिवशी कमी होती तोच चार दिवसांनी पुढे आला, असं घडू शकतं. म्हणून बाराव्या दिवशीचा आकडा घेऊन "विजेता" जाहीर करू नका.

१०. आकडे वाचणे

समजा, एका अन्नपातळीवर चौथ्या दिवशी हे मिळालं (आकडे केवळ समजावण्यासाठी):

- ५ एलेगन्स एकटे: १५००
- १० एलेगन्स एकटे: १६००
- ५ ब्रिग्से एकटे: ९००
- १० ब्रिग्से एकटे: १०००
- मिश्र: एलेगन्स १२००, ब्रिग्से ३००

"चारास एक, एलेगन्स जिंकला" इथे थांबू नका. मूळ एका कृमीमागे किती, ते काढा. एलेगन्स: पाचच असताना ३००, दहा असताना १६०, मिश्र प्लेटवर २४०. म्हणजे पाच ब्रिग्से शेजारी आले तर एलेगन्सला जितका त्रास होतो, त्याहून जास्त त्रास स्वतःचेच पाच भाऊ आले तर होतो. ब्रिग्से: १८०, १०० आणि ६०. त्याला एलेगन्सचा शेजार भाऊबंदांपेक्षा जड जातो. आता "एलेगन्स बलवान स्पर्धक, या अन्नपातळीवर" असं म्हणायला आधार आहे. शेवटचे दोन शब्द गाळू नका. हेच गणित प्रत्येक पातळीला आणि दोन्ही वाटण्यांना वेगळं करा. नातं उलटलं तर तोच तुमचा निष्कर्ष.

प्रमाणांची तुलना करायची तर शेवटच्या गुणोत्तराला सुरुवातीच्या गुणोत्तराने भागा आणि नैसर्गिक लॉगरिदम घ्या. वरच्या उदाहरणात सुरुवात ५ला ५, म्हणजे १. शेवट ४. लॉग १.३९. शून्य म्हणजे बरोबरी, उणे म्हणजे ब्रिग्सेकडे झुकाव.

नमुन्याची संख्या म्हणजे प्लेटची संख्या, कृमींची नव्हे. सहा प्लेटवर नऊ हजार कृमी मोजले तरी नमुना सहाच. नऊ हजार धरलेत तर संगणक कुठल्याही फरकाला "लक्षणीय" म्हणेल.

आणि एन२ वर आलेला निकाल "एलेगन्स प्रजाती" म्हणून लिहू नका. एन२ प्रयोगशाळेत दशकानुदशकं राहून बदलली आहे. रानातले बरेच एलेगन्स जिवाणूंच्या काठावर घोळका करून खातात, एन२ मात्र एकेकटी पसरून खाते. अन्नासाठीच्या स्पर्धेत हा फरक किरकोळ नाही. शीर्षकात जातीचं नाव, तापमान आणि जिवाणूंची ओडी लिहा.

११. तरीही बिघडलं तर

मिश्र प्लेटवर दोन्ही प्रजाती एकट्या प्लेटपेक्षा जास्त निघाल्या: बहुधा जिवाणू वाढले, टप्पा ४ ची तपासणी परत करा. एकाच प्रकारच्या सहा प्लेटमध्ये दहापट फरक: नर किंवा बुरशी शोधा, नाहीतर सोडताना जखमी झालेले कृमी. हप्त्याच्या प्लेटवर सगळे काठाला वाळलेले: थेंब सुकायच्या आत प्लेट हलवली. डाउअर एकही नाही आणि सगळी एल१ थांबलेली: बाराव्या दिवसापर्यंत वाट बघण्याऐवजी एक-दोन जादा प्लेट सातव्या आणि नवव्या दिवशी फोडून बघा. अन्न फार आधी संपलं असेल तर अंड्यातून निघालेल्या पिल्लांना काही खायलाच मिळत नाही. डाउअर व्हायला एल१ अवस्थेत थोडं तरी खाऊन वाढ सुरू व्हावी लागते. अशा वेळी २ ओडीऐवजी ५ ओडी घ्या, आणि प्रयोग पहिल्यापासून.